कागदावरची सोबतीण

दोघांपैकी एकाला तरी दिसायला हवं होतं. पण भिंगरीच्या हातांत तिच्याहून उंच फोमची गुंडाळी होती, आणि समोरून येणाऱ्याच्या खांद्यावर ओल्या वेताचं भलंमोठं भेंडोळं. व्यवसाय शिक्षण संस्थेच्या गोदामाच्या दारात दोघं असे काही आदळले, की फोम एकीकडे, वेत दुसरीकडे आणि वेताचं पाणी दोघांच्या तोंडावर.

"अहो, दिसत नाही का?" भिंगरी कडाडली.

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला?"

तिने फोमच्या वरून डोकं काढून पाहिलं. जमिनीवर पडलेली पांढरी काठी, भुवईवरून ओघळणारं पाणी, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू... भिंगरीने जीभ चावली. पण गप्प बसेल तर ती भिंगरी कसली!

"मग दारातून येताना शीळ तरी वाजवायची!"

"आणि तुम्ही?"

"माझ्या हातांत फोम होता."

"फोममुळे तुमचं तोंड बंद होतं? वाटलं नव्हतं."

तिला राग यायला हवा होता. आलं मात्र हसू, आणि असं आलं की वेत गोळा करता करता पोट दुखायला लागलं.

तो वेतकामाच्या वर्गातला. जुन्या खुर्च्यांच्या बैठका विणण्यात त्याचा हात धरणारं संस्थेत कुणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला विणकर म्हणत. ती सोफा-कुशनच्या वर्गातली. एका जागी घटकाभर टिकायची नाही, म्हणून भिंगरी. हे नाव आत्याने ठेवलेलं. आईबाप लहानपणीच गेले आणि गॅरेजात गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या आत्याने तिला वाढवलं. हातात सुई दिली आणि सोबत एक शिकवण दिली, "बाई गं, कुणाकडे काही मागायचं नाही. मिळेल ते घ्यायचं, त्यात भागवायचं आणि हसायचं." भिंगरी जगाशी भांडायची, पण स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं.

काही दिवसांनी प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. परदेशातल्या एका खुर्च्यांच्या कारखान्यात तीन महिने काम शिकायला संस्थेतला एक विद्यार्थी जाणार होता. योजनाच तशी होती. ज्यांच्या घरातून परदेश सोडाच, शेजारच्या शहरातही कुणी शिकायला गेलं नाही, ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा मुलांसाठी ती आखली होती. कारखान्याला वेतकाम करणारा हवा होता. निवड विणकराची झाली होती.

"मग मला का बोलावलंत, सर?"

"त्याच्याबरोबर एक सोबती जाऊ शकतो, असा नियम आहे. खर्च योजनेचाच. कुणाला नेणार म्हणून विचारलं, तर म्हणतो, त्या फोमवालीला."

भिंगरीने त्याला जिन्याखाली गाठलं. "मीच का?"

"माझ्याशी बोलताना लोक आवाज हळू करतात," तो म्हणाला. "आजाऱ्याच्या खोलीत आल्यासारखा. तू ओरडलीस." मग जरा थांबून, काठी या हातातून त्या हातात घेत – "बरं वाटलं."

"मग तिकडेही ओरडेन," भिंगरी म्हणाली. 

कारखाना पाहून तर तिचे डोळेच दिपले. नदीकाठची विटांची लांबलचक इमारत. एका अंगाला वेतकाम – पाण्याची पिंपं, भिजत घातलेले वेत, भोकांत ठोकलेल्या लाकडी खुंट्या. दुसऱ्या अंगाला कुशनकाम – स्प्रिंगा, गादीत भरायचे घोड्याचे केस, मखमलीचे तागे, बटणांनी भरलेले डबे. नाटकगृहांच्या, जहाजांच्या, जुन्या हवेल्यांच्या मोडक्या खुर्च्या इथे यायच्या आणि नव्या नवरीसारख्या नटून जायच्या. कारभार मालकीणबाईंच्या हाती. त्यांच्या ओठांत कायम दोन खिळे असायचे आणि खिळे सांभाळतच त्या बोलायच्या. खिळे काढून हातात घेतले की समजायचं, आता गंभीर बोलणं आहे.

तिकडची भाषा दोघांनी संस्थेत घोकून घोकून पाठ केली होती. विणकर ती सुरेख बोलायचा आणि भिंगरी भरभर.

पण कागदावर ती सोबतीण. सकाळी त्याला वसतिगृहातून आणायचं, संध्याकाळी न्यायचं, आणि मधला सगळा दिवस त्याच्या बाकाशेजारी स्टुलावर बसायचं. हत्यारांना हात लावायचा नाही. समोर बायका मखमलीत बटणं खोल ओढून घड्या पाडायच्या, आणि इकडे भिंगरीचे हात शिवशिवायचे.

"स्टूल कुरकुरतंय," विणताना मान वर न करता विणकर म्हणायचा.

"मग?"

"तू कुशनवाल्यांकडे झुकलीयस."

"महाराज, आपण वेताकडे लक्ष द्या."

तो महाराज झाला तो असा. त्याचं कामही राजासारखंच होतं. बोटांनी भोकं चाचपत वेत असा ओढायचा, की आजूबाजूचे कारागीर आपलं काम थांबवून बघायचे. भिंगरीही बघायची. त्याच्या मनगटावर पाण्याचे थेंब चमकायचे. विचारात पडला की तो खालचा ओठ हलकेच चावायचा.

"आत्ता तू माझ्याकडे बघतेयस."

"काय पुरावा?"

"बोलायची थांबलीस."

भिंगरी लाल झाली. बरं तर बरं, हे त्याला दिसत नव्हतं.

येताजाता तो तिचं कोपर धरायचा आणि ती त्याला रस्ता सांगायची. रस्ता तसा साधाच – पावाची भट्टी, पूल, धुलाईच्या दुकानातून बाहेर येणारी गरम वाफ आणि एक आडवातिडवा चौक. पण साधं सांगेल तर ती भिंगरी कसली! "खिडकीत एक मांजर चष्मा लावून पेपर वाचतंय," ती सांगायची. "एका आजोबांनी कुत्र्याला आपल्यासारखाच कोट घातलाय, आणि कुत्रा जास्त रुबाबदार दिसतोय."

"खोटारडी."

"कोटाचं खरं आहे!"

एका संध्याकाळी पुलावर बारीक पाऊस भुरभुरू लागला. ती छत्री उघडायला गेली, तर त्याने थांबवलं. "राहू दे ना... पाऊस पडला की मला सगळं कळतं. बघ, हा कठड्यावर वाजतोय, तो गाड्यांच्या टपांवर. तिकडे दुकानाचं कापडी छत आहे, आवाज जाड आहे." तो मान कलती करून ऐकत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "आणि हा तुझ्या केसांवर. इथे वाजतच नाही."

छत्री तशीच हातात राहिली. दोघं भिजले. भिंगरीच्या छातीत मात्र जे वाजत होतं, ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती उगाच खोकली.

आणि मग, दोन महिने सरले तेव्हा, योजनेच्या बाई पाहणीला आल्या.

मालकीणबाईंनी त्यांच्यासमोर खिळे काढून हातात घेतले. विणकर त्यांना हवा होता. पुढचं वर्षभर, पगारी शिकाऊ कामगार म्हणून. असा हात त्यांनी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता.

योजनेच्या बाई भिंगरीला बाजूला घेऊन गेल्या. "वर्षभरासाठी सोबतीची सोय नाही. त्याला एकट्याने यावं-जावं लागेल, कारखान्यात एकट्याने वावरावं लागेल. रोज त्याच्याबरोबर तुम्ही असता. तुम्ही सांगा – जमेल त्याला? तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही धोका घेणार नाही. तीन महिने झाले की दोघंही परत."

'नाही' म्हटलं तर तो तिच्याबरोबर परत येणार. तोच जिना, तेच गोदाम, तेच कोपर... आणि 'हो' म्हटलं तर ती एकटीच परतणार, कारण तिची जागाच मुळी त्याच्या गरजेवर उभी होती. तो चौक अवघड होता हेही खरं होतं. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"जमेल," ती म्हणाली. "मला दोन आठवडे द्या. मी त्याला रस्ता शिकवते."

ही गोष्ट त्याच्या कानावर दुपारीच गेली. संध्याकाळी पुलावर तो मध्येच थांबला.

"का सांगितलंस असं?"

"मग काय खोटं बोलायचं?"

"तू रोज खोटं बोलतेस."

"रस्त्याबद्दल. तुझ्याबद्दल नाही."

त्याने काठीने कठड्यावर एकदा टक केलं. मग म्हणाला, "मी राहणार नाही. मी परत येतो तुझ्याबरोबर."

"माझ्यावर उपकार? ठेव तुझ्याजवळ!" भिंगरीचा पारा चढला. "वर्षभराची संधी लाथाडून येशील आणि जन्मभर मी ते ओझं वाहायचं? जमणार नाही, महाराज. उद्यापासून माझं कोपर बंद. काठी काढा आणि चौक शिका."

"ठीक आहे. शिकतो," तोही हट्टाला पेटला. "पण एका अटीवर. माझ्यासाठी बोललीस तशी स्वतःसाठी बोल. दोन महिने स्टूल कुरकुरवतेयस. मालकीणबाईंकडे जा आणि काम माग."

"मी... मागत नाही."

"का?"

"सवय नाही."

"मला तरी चौकाची कुठे आहे?"



दुसऱ्या दिवशी ती मालकीणबाईंच्या समोर उभी राहिली. "मला... खुर्ची हवी."

"स्टूल मोडलं का?" खिळ्यांआडून प्रश्न आला.

"बसायला नको. करायला हवी. मी कुशनकाम शिकलेय. चांगलं करते."

मालकीणबाईंनी खिळे काढले. "मग इतके दिवस बोलली का नाहीस? कुशनच्या अंगाला एक बाक रिकामा पडलाय." त्यांनी कोपऱ्यातली एक अवाढव्य आरामखुर्ची दाखवली. पोट फाटलेलं, स्प्रिंगा बाहेर. "ही कर. हिरवी मखमल, बटणांची पाठ. पसंत पडली तर बाक तुझा. त्याच्यासारखाच, वर्षभर, पगारी."

मग काय! दिवसभर भिंगरी आणि ती खुर्ची. स्प्रिंगा बांधल्या, घोड्याचे केस भरले, पाठीला बटणं अशी ओढली की घड्या फुलासारख्या उमलल्या. आणि सकाळ-संध्याकाळ विणकराचा रस्ता. आता ती त्याच्या मागे चालायची, बोलायची नाही. चौकात तो काठी टेकवून उभा राहायचा, गाड्यांचे आवाज ऐकायचा, एकदा चुकायचा, पुन्हा मागे यायचा. मागून ओरडावंसं वाटे. ती पदपथावरचा खांब घट्ट धरून ठेवायची.

खुर्ची पूर्ण झाली त्या दुपारी तिने त्याला बोलावलं. "लाव हात. आणि कापड किती वाचवलंय माहितीये? बैठकीचा तुकडा उलटा फिरवून कापला, चांगला हातभर उरला!"

त्याने पाठीवरून हात फिरवला. बटणांवर थांबला, हसला. हात खाली बैठकीवर आला आणि अडला. त्याने पुन्हा फिरवला.

"काय झालं?"

"पाठीची लव खाली जाते... बैठकीची उलटी, मागे."

भिंगरीने खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली. तोंडचं पाणीच पळालं. पाठ गडद हिरवी, बैठक फिकट, जणू दोन वेगळ्या ताग्यांतली. आत्याकडे आणि संस्थेत तिने जन्मभर रेक्झिन कापलं होतं. रेक्झिन कसंही फिरवा, कापड वाचवा, शाबासकी मिळवा. मखमलीला लव असते आणि ती एकाच दिशेने वाहावी लागते, नाहीतर रंग वेगळा दिसतो, हे तिला ठाऊक होतं. पण कात्री हातात येताच जुनी काटकसर आपसूक पुढे झाली.

"आत्ताच सांगायचं होतं हे?" तिचे डोळे भरून आले.

"नंतर सांगून काय उपयोग झाला असता?"

बैठक उसवायला हवी होती, आणि नवीन कापडाशिवाय ती पुरी होणार नव्हती. म्हणजे पुन्हा मागणं आलं! ती मालकीणबाईंच्या बाकाशी गेली, आणि या वेळी अडखळली नाही. "मी चुकले. लव उलटी लागलीय. मला पूर्ण बैठकीचं कापड आणखी हवं."

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. खिळे काढलेच नाहीत. तागा उचलला आणि तिच्या हातात दिला.

त्या कारखान्याची एक रीत होती. खुर्ची पसंत पडली की ज्याने केली त्याने पहिलं बसायचं, सगळ्यांच्या देखत. आठवडा संपला त्या दिवशी मालकीणबाईंनी ती हिरवी खुर्ची मध्यभागी ओढली, मखमलीवरून वरून खाली, मागून पुढे हात फिरवला आणि भिंगरीला बोटाने खूण केली. भिंगरी बसली. पाय जमिनीला पोचेनात. साऱ्या कारखान्याने बाकांवर हातोड्या बडवल्या, आणि त्या गोंगाटात सर्वांत जोराने कोण बडवतंय ते न बघताच तिला कळलं.

तिने आत्याला फोन लावला. "आत्या, मी मागितलं."

"अगं बाई... मग?"

"मिळालं. वर्षभराचं काम. पगारी."

आत्याने जोरात नाक शिंकरलं. "मग आणखी काहीतरी मागायचंस की गं, वेडे!"

उरला विणकर. योजनेच्या बाईंसमोर त्याला वसतिगृहातून एकट्याने कारखान्यात पोचून दाखवायचं होतं. त्या परीक्षेच्या सकाळी भिंगरी आधीच कारखान्यात आली होती, कारण नियमच तसा होता. योजनेच्या बाई दारात उभ्या. कामाची घंटा झाली. तो आला नाही. एका कारागिराने येता येता बातमी आणली – पुलाचा पदपथ खणून ठेवलाय, रस्ता बंद.

भिंगरीचा हात दाराच्या कडीवर गेला. दोन पावलांवर पूल. धावत गेलं की कोपर पुढे करायचं, बस्स. मालकीणबाई बघत होत्या. योजनेच्या बाई बघत होत्या. कुणीही तिला अडवलं नसतं. तिने कडी घट्ट धरली आणि तशीच उभी राहिली. तिच्या मनात एकच होतं – येईल, येईल, येईल...

तो आला. पण पुलाच्या बाजूने नाही, तर साफ उलट्या दिशेने, मागच्या गल्लीतून. गुडघ्याला चिखल, केस विस्कटलेले, काठी टकटक करत, आणि चेहऱ्यावर असलं हसू, की भिंगरीचा जीव भांड्यात पडला.

"इतका उशीर?" ती ओरडली. रडत होती, तरी ओरडली.

"पूल बंद होता. एका बाईंना विचारलं, दुसऱ्या पुलाने आलो. तोंड आहे मला. तुझ्याइतकं नाही, पण आहे."

योजनेच्या बाईंनी मागे मालकीणबाईंकडे पाहून मान डोलावली. विणकराला अर्थातच ते दिसलं नाही, आणि त्याचं लक्षही तिकडे नव्हतं. तो तिच्या आवाजाच्या दिशेने दोन पावलं पुढे आला.

"भिंगरी, मला तू आवडतेस. गोदामापासून. रोज पुलावर सांगणार होतो... पण तुझं कोपर धरून सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, याची गरज बोलतेय. आणि तू 'हो' म्हणाली असतीस तर मला वाटलं असतं, हिला इथे राहायचंय म्हणून म्हणतेय. आता तुला माझी गरज नाही, मला तुझी नाही. म्हणून आज विचारतोय."

सगळा कारखाना दारात गोळा झाला होता. त्यांच्यापैकी कुणालाही एक अक्षर कळलं नव्हतं, कारण तो आपल्या भाषेत बोलला होता.

भिंगरीने डोळे पुसले. मग तिकडच्या भाषेत, भरभर नाही, सावकाश, एकेक शब्द जोडत, सगळ्यांना नीट कळेल अशा आवाजात ती म्हणाली, "मलाही – हा – खूप – आवडतो. मला हाच हवा."

कुणीतरी शीळ घातली. विणकर कानापर्यंत लाल झाला, आणि या वेळी ते सर्वांनाच दिसलं.

मालकीणबाईंनी दोन्ही खिळे तोंडातून काढले. "छान झालं," त्या म्हणाल्या. "आता आत या दोघंही. घंटा होऊन गेलीय."

दोघं आत निघाले, हातात हात घालून. कोण कुणाला नेतंय, हे बघणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.